फाटका आवाज

बाबा, तुमच्या हाताला मी लहानपणापासून भ्यायचो. बारीक तारा जोडताना इतका हलका असणारा तो हात माझ्या कानाखाली मात्र हातोड्यासारखा पडायचा. नांदुऱ्यातल्या आपल्या लाउडस्पीकरच्या दुकानात एकच धर्म होता, आवाज साफ पाहिजे. सभा असो की लग्न, भोंगा जरा खरखरला की तुमचं नाक कापलं जायचं. आणि तुमच्याच पोटी मी निपजलो, फाटक्या आवाजावर जीव टाकणारा! आर्केस्ट्रात गिटार वाजवायला लागल्यावर तुमच्या व्हॉल्व्हच्या मशीनचा, त्या ॲम्प्लिफायरचा, आवाज मी हळूहळू चढवत न्यायचो. एका जागी तार गुरगुरायला लागायची. तिथे माझ्या अंगावर काटा यायचा. मग मोडक्या रेडिओतले ट्रान्झिस्टर काढून साबणाच्या पत्र्याच्या डबीत बसवले, वर खटका लावला. पायाने दाबला की हवी तेव्हा गुरगुर. तुम्हाला ती ऐकवायची होती, पण हिंमत झाली नाही.

रोहिणखेडच्या लग्नात भर मांडवात मी तो खटका दाबला. पोरं शिट्ट्या मारत उठली. तुम्ही तोंडातलं पान थुंकून स्टेजवर धावत येताय, अजून दिसतं मला. तुम्हाला वाटलं, मशीन गेलं. मागचं झाकण काढून तुम्ही तापलेला व्हॉल्व्ह उघड्या बोटांनीच उपटला. कातडी जळल्याचा वास आला.

"मशीन चांगली हाये बाबा, हा आवाज म्या बनवला," मी डबी दाखवत म्हणालो.

"बनवला? माही इज्जत फाडून राह्यला, अन् बनवला म्हनतं बे?"

त्याच भाजलेल्या हाताने तुम्ही माझं तोंड फोडलंत. डबी टाचेखाली चेपलीत. गिटार उचलून मांडवाच्या खांबावर आपटलीत, तिचे दोन तुकडे होईपर्यंत. मग माझंही डोकं फिरलं. मी माइकचा लोखंडी स्टँड उगारला. तुम्ही दोन्ही हात पसरून मशीनपुढे उभे राहिलात.

"मले मार, तिले नको!"

तुमचं खांद्याचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

तो हात पुन्हा कधी वर गेला नाही. कोणी विचारलं की तुम्ही हसून सांगायचात, "पोट्ट्याचा राग मशीनवर होता, मीच मधात गेलो." आई गेली तीही हेच मानून. आता मी पुण्यात पोरांना गिटार शिकवतो. त्यांच्यापुढे पाच-पाच पेडल असतात, आवाज फाटला की ती खूश होतात आणि माझा गाल आपसूक बाजूला होतो. तुम्ही तो आवाज एकदा, फक्त एकदा, बिघाड न समजता ऐकायला हवा होता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझा राग मशीनवर होता असं तुम्हाला खरंच वाटायचं की तुम्ही मला पाठीशी घालत होतात, हे मी तुम्ही असताना विचारलं नाही. हे पत्रही कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. त्या मशीनवर माझा जीव होता, बाबा. त्याला मी ओरखडाही काढला नसता.