पहिल्या रांगेतली आई

दि. ४ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खोकला गेला, खोलीच्या खिडकीला एकदाची नवी काच बसली. आता मुद्द्याचं सांगते. येत्या वीस तारखेला संध्याकाळी माझ्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे. या वेळी मी ट्रे घेऊन येणारी बाई नाही, की साहेब बाहेर गेलेत एवढं सांगून परत जाणारी शेजारीणही नाही. मुख्य काम आहे! पडदा उघडतो तेव्हा मी, पडतो तेव्हाही मीच. तू आलंच पाहिजेस. मामाला बरोबर घे, नाहीतर तू स्टॉपवरूनच परत फिरशील.

तू जन्मात नाटकाला गेली नाहीस, म्हणून तिथे काय काय होतं ते आधीच कळवते. दारावर तिकीट फाडून अर्धं परत देतात, त्यावरून भांडायचं नाही. सुरू होण्याआधी तीन घंटा होतात. पहिलीला लोक चहा संपवतात, दुसरीला खुर्च्या शोधतात आणि तिसरीला दिवे जातात. वीज गेली असं समजून मेणबत्ती मागू नकोस. मी आले की हात हलवून हाक मारायची नाही. मी बघितलं नाही तर रुसायचं नाही, कारण दिव्यांमुळे मला समोरचं काही दिसत नाही. मध्यंतरात पिशवीतलं खा, पण कागदाचा आवाज तिथेच संपव. सगळं आटोपलं की आम्ही ओळीने उभे राहून वाकतो, टाळ्या तेव्हा. पहिल्या प्रयोगाला नटांचे नातेवाईक जरा जास्तच वाजवतात, तू बेताने वाजव.

माया आहे ती असू दे, आणि नाही म्हणू नकोस.

तुझी
भिंगरी


दि. ९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी सरळ फोन का करत नाही असं मामाला विचारलंस म्हणे. बाई गं, इस्पितळाच्या फोनच्या टेबलावर माझी अख्खी नोकरी सरली. आता फोन दिसला तरी कान दुखतात, म्हणून तर घरातला काढून मामाच्या दुकानात लावला. पत्र कसं, गुमान येतं आणि आपण वाचेपर्यंत थांबतं.

तुझ्या त्या तीन घंटा मात्र मला जड जाणार. आमच्याकडे नियम होता, फोन तिसऱ्यांदा वाजू द्यायचा नाही. पलीकडे कोणाचा जीव टांगणीला लागलाय, कोणास ठाऊक! आणि तू म्हणतेस, तिसऱ्या घंटेला हातावर हात ठेवून बस. बघते प्रयत्न करून. ठसका लागला तर काय करू? माझा ठसका तुला माहीत आहे, पलीकडच्या घरातून लोक पाणी घेऊन धावतात. नाटकाची गोष्टही आधी कळव. शेजारच्या शिंपीणबाई सांगत होत्या की हल्ली नाटकात कोणी ना कोणी मरतंच. तुला काही होत नाही ना शेवटी?

आणि एक विचारते, तोंड वाकडं करू नकोस. हे सोंग एकदाचं पार पडलं की नोकरीचं बघशील ना? खोटंखोटं रडून कोणाचं भलं झालंय? मी येईन, पण ते तू बोलावतेस म्हणून.

तब्येतीला जप, बाकी मायेला तोटा नाही.

तुझी
आई


दि. १२ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईला वेगळं पत्र टाकलंय. ठसका लागला तर खुशाल लागू दे म्हणून कळवलं. गोष्ट मात्र अजिबात सांगणार नाही, आधीच कळली तर बघायचं काय?

मामा, तुझ्याजवळ खरं बोलते. इतकी वर्षं ती माझ्या कामाला सोंग म्हणत आली. वर्तमानपत्रवाले काय छापतील, निर्माता पुढचे प्रयोग लावील की नाही, ते सगळं मागाहून. तिने एकदा, फक्त एकदा म्हणावं की पोरगी काम करते. एवढ्यासाठी माझा जीव खालीवर होतोय. म्हणून तुमच्या जागा पहिल्या रांगेत ठेवल्यात, अगदी कडेला, रंगमंचावर चढायच्या पायऱ्यांजवळ, तिथून चेहरा नीट दिसतो. आमचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही पाठीमागे दाढी म्हणतो, ते नकोच म्हणत होते. नातेवाईक पुढे बसवू नयेत असा त्यांचा दंडक. मी हट्ट सोडला नाही.

तू फक्त तिला वेळेवर आण आणि स्वतः झोपू नकोस. घोरलास तर नाटक सोडून खाली येईन आणि सगळ्यांदेखत गदागदा हलवीन.

चष्म्याच्या दुकानाला आणि तुला माझा नमस्कार.

तुझी भाची
भिंगरी


दि. २२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
मामाचे अ. आ.

तुझं पत्र नाही. म्हणजे एक तर तू संतापली आहेस, नाहीतर हसून हसून आडवी झाली आहेस. काहीही असो, आमच्या बाजूने काय झालं ते ऐक.

तुझ्या आईचा बसवर विश्वास नाही, त्यामुळे आम्ही झाडूवाल्याच्याही आधी पोचलो. पहिल्या दोन घंटा तिने डोळे मिटून काढल्या. तिसरीला माझं मनगट असं आवळलं, की घड्याळाचा ठसा अजून आहे. मग पडदा उघडला, तू दिसलीस आणि बाई जी गप्प झाली ती झालीच. ठसका नाही, चुळबुळ नाही. मध्यंतरात पिशवी उघडली नाही, उपाशी राहिलो तो मी. नुसती म्हणाली, की त्या मुलीला बरं नाही दिसत, घरी कोणी बघणारं नाही वाटतं. मला वाटलं थट्टा करतेय.

मग दुसरा अंक. तू एकटी बसलेली आणि स्टुलावरचा फोन वाजायला लागला. तो उचलायचा नाही, यातच नाटकाचा सगळा जीव असणार, हे आम्हा अडाण्यांना काय माहीत! एकदा वाजला. तू बघत राहिलीस. पुन्हा वाजला. मी शेजारी पाहिलं तर ही खुर्चीच्या कडेला आलेली. मी तिच्या पदराचं टोक धरलं, ते हातातून निसटलं. तिसऱ्यांदा वाजायच्या आत बाई पायऱ्या चढून वर! पर्स काखेत, आणि उचलला की गं फोन! इस्पितळाचं नाव सांगून कोणता वॉर्ड हवा म्हणून विचारलंसुद्धा, तेही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. पलीकडे कोण असणार, कप्पाळ? मग तो खाली ठेवला, तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, कोणी नाही गं, चुकून लागला असेल, असं तुला समजावलं आणि गेली तशी खाली आली.

खुर्चीत टेकल्यावर तिला उमगलं आपण काय करून बसलो ते. तोंडाला रुमाल लावून तिने मला जे ओढत बाहेर काढलं, ते थेट बसमध्ये. तेव्हापासून दार लावून बसली आहे. पोरीचं वाटोळं केलं, आता थिएटरकडे फिरकणार नाही, असा जप चाललाय. आणि बोलणी मला, की मी धरलं का नाही! तिला धरायचं म्हणजे सुटलेली गाडी धरायची. तूच काहीतरी लिही बाई, माझं डोकं चालत नाही.

आशीर्वाद मुबलक आहेत, वापर.

तुझा
मामा


दि. २५ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रडणं पुरे कर. नाटक बुडालं नाही. तू खाली उतरलीस आणि पाळी माझी आली. माझं पुढचं बोलणं होतं ते मी फोन का उचलला नाही याबद्दल! ते आता कोणत्या तोंडाने बोलणार? मग मला रडू आलं, खरंखुरं, तिथे रडायचं ठरलेलं नसताना, आणि नाटक तिथूनच पुढे सरकलं. दाढी विंगेत कपाळाला हात लावून उभे होते. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पण निर्मात्याने पुढचे प्रयोग लावलेत.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे. तू आमच्यातलीच नटी असं समीक्षकाला वाटलं. माझं काम ठीक, असं म्हणून त्याने मला एका ओळीत उरकलं. तुझ्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, की दुसऱ्या अंकात उगाच घुसवलेल्या वृद्धेचा अभिनय कमालीचा कृत्रिम असून फोन उचलण्याची अशी ढब प्रत्यक्ष जीवनात कुठेही आढळणार नाही. सगळी मंडळी हसून लोळली.

मला मात्र नीट हसता आलं नाही. तू आलीस आणि एक शब्द न बोलता गेलीस, ते मला लागलंय गं. फोन गेला खड्ड्यात. माझं काम कसं झालं ते मला तुझ्याकडून हवंय. वाईट असेल तर वाईट लिही, पण लिही.

रागावले नाही, वाट बघतेय.

तुझी
भिंगरी


दि. ३० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कात्रण वाचलं. कृत्रिम? मी? अगं, नोकरीला लागलेल्या नव्या पोरींना आणून माझ्या टेबलाशी उभं करायचे, फोन कसा उचलावा ते शिकायला! आणि वृद्धा कोणाला म्हणतो मेला? मी त्या वर्तमानपत्राला चांगलं खरमरीत पत्र लिहिलंय. मामाने ते पेटीत टाकतो म्हणून नेलं आणि खिशात दाबून ठेवलंय, कळतं मला. इतके दिवस लाजेने घास उतरत नव्हता. आता संताप आलाय आणि संतापाने मला भूक लागते, तेव्हा काळजी करू नकोस.

नाटक कसं वाटलं विचारतेस. खरं सांगू? पडदा उघडला तेव्हा थोडा वेळ तू होतीस. मग कधी कोण जाणे तू नाहीशी झालीस आणि तिथे दुसरीच मुलगी बसली होती, जगात कोणी नसलेली. मामापासून सगळे म्हणतात, सवयीने उठली. उठले असेन सवयीने. पण पायऱ्या चढले त्या तिच्या तोंडाकडे बघून. घाबरलेल्या माणसांचे आवाज मी जन्मभर ऐकले, त्यांची तोंडं कधी दिसली नाहीत. ते तोंड त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. हिच्याने फोन उचलवत नाही, आपण उचलावा, एवढंच मनात आलं. डोक्यावरून हात फिरवला, तेव्हाही ती तू आहेस हे माझ्या ध्यानात नव्हतं. आईला पोर ओळखू आली नाही, म्हणजे बघ! हे सोंग नव्हे पोरी. काम आहे, आणि तू ते चांगलं करतेस. मी म्हणते, त्या समीक्षकाचं मरू दे.

आता माझं एक काम कर. मी मध्येच उठून आले, शेवट पाहिला नाही, आणि मामाला काही कळत नाही. ती मुलगी पुढे बरी आहे ना? कोणी आलं का तिच्याकडे? झोपायला गेले की तीच डोळ्यांपुढे येते आणि काही सुचत नाही. तुझं सगळं बाजूला ठेव, पण तिचं तेवढं लगेच कळव.

तुम्हा दोघींनाही आशीर्वाद.

तुझी
आई