आवंढा गिळला की हसायचं

प्रिय टिल्या,

आई म्हणाली, तू दुसरा सिनेमा सोडतोयस. शुक्रवारी दिग्दर्शकाला नकार कळवणार आणि पुन्हा टीव्हीवर लोकांना बक्षिसं वाटत बसणार. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना काउंटरवरच लिहायला बसलेय. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू माझी थट्टा करतोस, मी हसते आणि बोलायचं ते राहूनच जातं.

आईचा गुडघा बरा आहे. म्हणजे बरा नाही, पण तुझा कार्यक्रम लागला की शेजारणीला बोलवायला जिना चढून जाते, तेव्हा तो कसा चालतो देव जाणे. तुझ्या नव्या कोटाला मात्र तिनं नावं ठेवलीत. म्हणते, खांद्यात उसवल्यासारखा दिसतो.

ते हॉटेलचं तळघर आठवतं? तुझा पहिला प्रयोग. लोक खाली मान घालून जेवत होते, तू घामाघूम, एकामागून एक विनोद पाण्यात. मला इतकी धास्ती बसली की धास्तीनंच हसू फुटलं. शेजारचं टेबल हसलं, मग सगळं तळघर. माझ्या हसण्यात तसं काही विशेष नाही रे, पण जांभईसारखी त्याची लागण होते. त्या दिवसापासून तू नियमच केलास. मी मागे कडेला बसायचं. तू बोलता बोलता थांबणार, आवंढा गिळणार, की मी सुरुवात करायची. कित्येक वर्षं तेच केलं. विनोद पाठ झाले होते, पण हसू खोटं नव्हतं. मग तू टीव्हीवर गेलास आणि तिथे पाटी दाखवून लोकांना हसवणारा पगारी माणूस निघाला. माझी गरज संपली. खोटं कशाला बोलू, मला जरा लागलंच.

मग हा तुझा पहिला सिनेमा. पहिल्या खेळाला तू खाली पुढे, मी आणि आई वर बाल्कनीत. पडद्यावर तू, मुलगी गेल्याचं बायकोला सांगायला घरी आलेला बाप. दार लोटलंस, चपला काढल्यास, बायको म्हणाली, हात धुऊन घे. तू तोंड उघडलंस, थांबलास. आणि नेमकं तिथेच अख्खं थिएटर हसलं. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन विचारलंस, "ताई, एवढं का गं हसले सगळे?" मी म्हणाले, लोकांना काय कळतंय. दुसऱ्या दिवशी तू आईला म्हणालास, माझं तोंड बघून कुणाला रडू येणार नाही, आपण आपली पायरी ओळखावी. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

टिल्या, पहिली हसले ती मी. तू आवंढा गिळलास आणि माझ्या तोंडून हसू निघून गेलं. डोळ्यांत पाणी होतं, तरी निघून गेलं. पाठोपाठ आमची रांग, मग खालचे. आईनं मला कचकन चिमटा काढला. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तू सांगतेस की मी सांगू?" तरी माझी जीभ उचलेना. काल तिकीट काढून एकटीच पुन्हा गेले. तो प्रसंग आला तसा रुमाल तोंडात कोंबला. तू थांबलास. कुणी हसलं नाही. शेजारचा दांडगा माणूस मघापासून काहीतरी कुरुमकुरुम खात होता, त्याचा हात पिशवीतच राहिला. लोक तुला हसले नव्हते रे, माझ्यामागे हसले. शिव्या द्यायच्या त्या मला दे, आयुष्यभर दे. पुढच्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला मी येणार नाही. नंतर कधीतरी, गर्दी ओसरली की कोपऱ्यात बसून बघेन. पण तू सिनेमा कर.

तुझीच,
तोंडाला आवर नसलेली ताई