फळ्यावरचा आकडा

शनिवार, संध्याकाळ, कार्डिफ

बोट टम्म सुजलंय. आज कॅच घेताना बॉल थेट त्यावरच आदळला आणि उद्या परत मॅच. माझी बायको मेघना चिडली, "अरे, एक मॅच नाही खेळलास तर काय आभाळ कोसळणार आहे?"

नाही कोसळणार. पण आमच्या बेसबॉल क्लबात सलग सर्वात जास्त मॅचेस खेळायचा रेकॉर्ड माझा. बारा वर्षांत एकही चुकवलेली नाही. आमचे म्हातारे सेक्रेटरी गॅरेथ दर मॅचनंतर क्लबातल्या फळ्यावर माझा आकडा खडूने बदलतात.

खरं म्हणजे मला आता खेळायचंच नाहीये. पण बाबांच्या वर्षश्राद्धाला मी पुण्याला गेलो नव्हतो. त्या रविवारी मॅच होती. आईने फोनवर एवढंच विचारलं, "तुझ्यावाचून त्या टीमचं अडतं का रे?" मी हो म्हणालो. साफ खोटं. आता एका बोटापायी मॅच सोडली, तर तेव्हा बाबांसाठी का नाही सोडली?

तरी मघाशी हिय्या करून, उद्या खेळत नाही हे सांगायला गॅरेथना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच ते खुशीत म्हणाले, "उद्याचा आकडा मी आजच लिहून टाकलाय!"

मी थँक्यू म्हणालो.