ओढ्याकाठची शिस्त आणि बारा गोधड्या

राजुरी,
भाद्रपद वद्य दशमी

ती. सारजाआक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा, हौशीरामाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. घोडेगावला पाऊस उघडला असेल. इकडे चार दिवसांपासून चटका देणारं ऊन पडलंय आणि सोयाबीनवाले खूश आहेत. दाजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, ज्येष्ठमध तोंडात धरा आणि बोलणं कमी करा. (दुसरा उपाय त्यांना जमायचा नाही, तरी सांगून बघ.) तुझे डोळे पत्र वाचण्याजोगे असतील असं धरून चालतो. नसतील तर दाजींकडून वाचून घे, पण ताजा कलम तू स्वतः वाच.

फोन न करता पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. त्याचं कारण पुढे ओघात येईलच. सध्या एवढंच सांगतो की माझा फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय आणि तो तिथे आराम करतोय.

आक्का, तुला ठाऊक आहे, चौतीस वर्षं मी एसटीत काढली, त्यातली शेवटची अकरा कंट्रोलरच्या खुर्चीवर. रोजच्या एकशे चाळीस गाड्या सोडल्या. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की त्याला काय दिसतं? घराला वेळापत्रकच नाही. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं म्हणून सगळे उशिरा उठणार. पुढे पावसाळा लागला की अंधारून आलंय म्हणून उशिरा उठणार. जेवण कधी आठला, कधी दहाला, आणि जेवताना नात अक्षदा फोनकडे बघून घास कानात घालणार. मी हे दोन वर्षं मुकाट्याने पाहिलं. (इंद्रायणी म्हणते, मुकाट्याने नाही पाहिलं. ते सोड.) पण गेल्या महिन्यात इंद्रायणीचा गुडघा गेला. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, सहा आठवडे मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. नवरात्र तोंडावर, सगळं घर काढायचं, गोधड्या धुवायच्या, घट बसवायचे, आणि घरची कर्ती बाई खाटेवर पाय लांब करून. सूनबाई तेजस्विनी आळेफाट्याच्या दवाखान्यात नर्स, ती आठला निघते ती सहाला येते. ऋषी चाकणला, तो रविवारचा पाहुणा. तेव्हा मी सर्वांसमक्ष जाहीर केलं की आजपासून हे घर माझ्या ताब्यात. एकशे चाळीस गाड्यांपुढे एक घर ते काय?

कॅलेंडरच्या पाठीमागे वेळापत्रक लिहून फ्रीजला चिकटवलं. पाच वाजता उठणे. सव्वापाच ते सव्वासहा फिरणे. न्हाणीघर प्रत्येकी बारा मिनिटं. जेवण साडेसात, फोन टोपलीत. पहिल्या दिवशी मी बरोबर पाचला उठलो, काठी घेतली आणि फाटकापर्यंत गेलो. फाटकापलीकडे ऊस. या दिवसांत ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि त्यात कोण राहतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. वनखात्याची माणसं गेल्याच आठवड्यात सांगून गेली होती, बिबट्या आहे, अंधारात एकट्याने हिंडू नका. मी काही भ्यालो नाही. परंतु सरकारी सूचना पाळणं हे माझ्या रक्तात आहे. तेव्हा फाटकाला आतून कडी घालून अंगणातच एकशे आठ फेऱ्या मारायचं ठरवलं. साठाव्या फेरीला इंद्रायणीने खिडकीतून विचारलं, "आवो, काय हरवलंय का?"

न्हाणीघराचं मात्र उत्तम चाललं. दारात उभं राहून मी पूर्वीच्या आवाजात पुकारतो, "अक्षदा सहा वाजून चाळीस मिनिटांनी सुटेल!" आणि ती सुटते. (तेजस्विनीने मात्र हात जोडून सांगितलं, "मामा, माझं नाव पुकारू नका, शेजारी ऐकतात." तिला सवलत दिली.)

रविवारी घर काढलं. माळ्यावरचे, फळीवरचे सगळे डबे खाली घेतले, घासले, उन्हात ठेवले. डब्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या तेलकट झालेल्या, त्या खरवडून काढल्या आणि प्रत्येकाला रंगाने नंबर दिला, एक ते सव्वीस. गाडीला नंबर असतो तर डब्याला का नको? कुठल्या नंबरात काय, ती यादी व्यवस्थित फोनमध्ये टाइप करून ठेवली. सूनबाई म्हणाली, "मामा, कागदावर पण लिहा ना." मी म्हटलं, कागद हरवतो.

आता सोमवार. आक्का, मी काहीही लपवणार नाही, क्रमाने सांगतो.

घरात लहानमोठ्या बारा गोधड्या. इंद्रायणीचं म्हणणं, जावांना बोलवा, चौघी मिळून ओढ्यावर जातील, धोपटतील, दोघी दोन टोकांना धरून पिळतील, अर्ध्या दिवसाचं काम. मी म्हटलं, कशाला चार बायांचा दिवस मोडायचा? ओढा यंदा तुडुंब वाहतोय. पाणी फुकट पळतंय, त्यालाच कामाला लावू. माझी योजना अशी होती: एक लांब नायलॉनचा दोर घ्यायचा, बारा गोधड्या ओळीने त्याला बांधायच्या, एक टोक बाभळीला अडकवायचं आणि सगळी माळ प्रवाहात सोडून द्यायची. दोन तास वाहत्या पाण्याने मळ आपोआप निघतो आणि माणूस सावलीत बसतो. इंद्रायणीने खाटेवरून सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "गाठ नीट मारा." आक्का, चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला गाठ नीट मार म्हणणं हे मला लागलं. म्हणून मी जरा रागातच मारली.

पहिला पाऊण तास योजना इतकी सुरेख चालली की मी फोनवर तिचे फोटो काढले. बारा गोधड्या एकामागे एक, पाण्यावर हळूहळू डुलतायत. पलीकडच्या रस्त्याला महंमद हनीफचा टेम्पो थांबला होता. तोच, जुन्नरचा, दरवर्षी नवरात्राआधी कापूस पिंजायचं मशीन घेऊन गावोगाव गाद्या भरत हिंडतो. तुझ्याही गाद्या त्यानेच भरल्यात. त्याने तिथूनच विचारलं, "साहेब, ये क्या नवीन काढलं?" मी त्याला योजना समजावत होतो आणि माझी पाठ ओढ्याकडे होती. हनीफ म्हणाला, "साहेब, गाडी सुटली तुमची."

वळून बघतो तर बाभळ जागेवर आणि दोर गायब. अख्खा ताफा निघाला होता. मी काठाने धावलो. वळणावर निरगुडीच्या झुडपात अकरा गोधड्या अडकल्या, दोराचा तिथे गुंता झाला. पण सगळ्यांत पुढची सुटली आणि एकटीच बंधाऱ्याकडे निघाली. ती आपली होती, आक्का. आईच्या हिरव्या आणि डाळिंबी लुगड्यांची, तुझ्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात तुम्ही दोघींनी ओट्यावर बसून शिवलेली.

तेव्हा मी पाण्यात उतरलो. (शर्टाच्या खिशात फोन होता, हे उतरल्यावर लक्षात आलं. पाणी छातीला होतं.) बंधाऱ्याच्या खांबाला गोधडी जाऊन चिकटली. भिजलेली गोधडी म्हणजे काय वजन असतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि एवढी वर्षं इंद्रायणी दर नवरात्रात तशा बारा उचलत होती हेही कळलं. हनीफ त्याच्या टेम्पोच्या ताडपत्रीचा बांबू घेऊन पळत आला, पँट वर करायलाही थांबला नाही. तो ओरडत होता, "ओढू नका साहेब! ढील द्या, पाण्याला ढील द्या!" त्याने बांबूने पलीकडून रेटली, मी अलीकडून धरली, आणि घटकाभराने गोधडी हाती आली. मग दोघांनी मिळून उरलेल्या अकरा झुडपातून सोडवल्या, पिळल्या आणि टेम्पोत टाकून घरी आणल्या. इंद्रायणीने त्याला चहा पाजला. हनीफ गुरुवारी घोडेगावला येतोय, त्याच्याच हाती हे पत्र देतोय.

एकंदरीत सांगायचं तर घराला आता शिस्त लागली आहे. जेवण साडेसातला होतं. (सव्वीस डब्यांची यादी फोनसोबत गेल्यामुळे जिऱ्यासाठी नऊ झाकणं उघडावी लागतात, त्यात थोडा वेळ जातो, म्हणून हल्ली साडेआठला होतं.) अक्षदा जेवताना माझ्याशी बोलते, कारण मी सोमवारची हकिगत तिला रोज सांगावी असा तिचा हट्ट असतो. आता चुलीपुढच्या कामांची मला पुरती माहिती झाली आहे असं मी छातीठोक म्हणू शकतो. घट बसवायचं काम तेवढं उरलं आहे आणि तेही मी सहज पार पाडीन. काळजी नसावी.

दाजींना नमस्कार. सर्वांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
हौशीराम

ता. क. — घटाला माती शेतातली घ्यायची की वारुळाची, आणि धान्य आधी भिजवायचं की कोरडंच पेरायचं, हे सहज कळवावं. इंद्रायणीला विचारलं तर ती हसते.

ता. क. २ — वर गोधडी हाती आली असं लिहिलंय ते खरं आहे. ती दोन भागांत आली. हनीफ ढील द्या म्हणत होता आणि मी ओढलं. मधोमध उभी फाटली आहे. तेजस्विनी म्हणाली, मशीनवर घालून देते. मी नको म्हटलं. त्यात तुझा आखूड टाका आणि आईचा लांब टाका शेजारी शेजारी आहेत, तिथे मशीन चालवायला मन होत नाही. तुझ्या हाताला अजून तो टाका येत असेल तर घटस्थापनेच्या आधी ये. तिकडून मुक्कामाची एसटी किती वाजता आहे ते मी काढून ठेवलंय. रागावणार असशील तर ये आणि रागाव, पण ये.

ता. क. ३ — वन्सं, मी इंद्रायणी. पाकीट चिकटवायला माज्याकडं दिलंय म्हणून चार वळी लिवते. गुडघा बरा हाये. घरातलं लई काही बिघडलेलं न्हाई, डबे मी वासावरनं वळखते, पण त्यांना सांगितलं न्हाई. तुमच्या भावानं एक गोष्ट लिवली न्हाई. हनीफभाईंनी मला सांगितली. गोधडी एकटी पुढं निघाली तवा हे काठानं पळत व्हते आन् "आये थांब, आये थांब" असं वरडत व्हते. साठीचा माणूस. दोन्ही तुकडे त्यांनी कुणाला हात लावू दिला न्हाई. सोता वाळवले, सोता घडी घातली. तुमी या. सुई-दोरा मी काढून ठेवलाय. आल्यावर त्यांना ह्या गोष्टीवरनं हसू नका. मीबी अजून हसले न्हाई.