आमच्या परसातली पंचवार्षिक योजना

पाटण,
१८ नोव्हेंबर १९९२

चि. कृष्णात यास,

तुझ्या दाजींचा आशीर्वाद. सांगलीत तुम्ही सगळे धडधाकट असाल असं धरून चालतो. इकडची खुशाली लिहावी अशी उरलेली नाही, पण पत्राला कुठून तरी सुरुवात हवी.

तुझ्या बहिणीचा, रंगूचा खोकला तुला ठाऊकच आहे. कराडचे डॉक्टर म्हणाले, चुलीचा धूर बंद करा, नाहीतर येता हिवाळा यांना जड जाईल. त्याच आठवड्यात पंचायतीत सभा झाली. पंचायत समितीच्या साहेबांनी सांगितलं, तेल परदेशातून येतं, तिकडे लढाई झाली की इकडे रॉकेलची रांग वाढते, म्हणून नव्या योजनेत गावोगाव गोबरगॅस. (कोयनेची वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जाते, तो विषय निघाला नाही.) देशाचा प्रश्न आला की माझा हात आपोआप वर जातो. बावीस वर्षं फौजेत काढल्यावर दुसरं काय होणार?

परसात टाकी बांधली. संडास जोडला तर जादा अनुदान, म्हणून तोही जोडला. त्यावर रंगू भडकली. "आवं, त्या ग्यासवर देवाचा निवद करू व्हय?" पण खोकल्यापुढे देवानंही माघार घेतली. निळी ज्योत लागली त्या दिवशी ती शेगडीपुढे नुसती बघत बसली होती. दीड महिना घरात खोकला ऐकू आला नाही. बायका ज्योत बघायला यायच्या आणि ही प्रत्येकीला चहा पाजायची. (दोन्ही म्हशींचं दूध त्यातच गेलं.)

मग ज्योत बारीक झाली आणि एक दिवस विझली. मी आधी म्हशींना दोष दिला, मग गवंड्याला, शेवटी रंगूला म्हणालो, तूच शेण नीट कालवत नाहीस. ती बिचारी थंडीत कोपरापर्यंत हात घालून दोन-दोनदा कालवू लागली. म्हणते, "माझ्याच हाताला यश न्हाई."

परवा रंगू घरात नसताना तेच साहेब आले. संडासापाशी वास घेऊन त्यांनी विचारलं, फिनेल कोण टाकतं? मी ताठ उभा राहून सांगितलं, मीच, रोज पहाटे अर्धी बाटली, पलटणीतली सवय. ते म्हणाले, शेणाचा गॅस करणारे जंतू त्यानंच मेले. आता टाकी उपसायची, नव्यानं भरायची, गॅसला दोन महिने. म्हणजे हिवाळा संपल्यावर. बावीस वर्षांत माझी एक गोळी शत्रूला लागली नाही, आणि परसात आपलेच कोट्यवधी मारले. चूल पुन्हा पेटली आहे. मला लाज वाटते, कृष्णात.

तुझा दाजी,
हंबीरराव

ता. क. रंगूला दोन महिने सांगलीला ने. तुझ्याकडे सिलिंडर आहे. फिनेलचं मात्र तिला सांगू नकोस. मला ते अजून तोंडानं सांगायला जमलेलं नाही.

ता. क. दुसरा. पाकिटावर इंग्रजीत पत्ता लिहायला पत्र शेजारच्या पिंकीला दिलं, तर तिनं सगळं पत्र रंगूला वाचून दाखवलं. रंगूनं जेवायला वाढलं आणि ताटाशेजारी तांब्याच्या जागी फिनेलची बाटली ठेवली. सांगलीला येत नाही म्हणते, टाकी स्वतःच्या हातानं भरणार आहे. तेव्हा तूच सिलिंडर घेऊन ये. सिलिंडरही परदेशी तेलाचाच, पण देशाला काय सांगायचं ते मी बघतो. उशीर करू नकोस. मी हे लिहितोय आणि आत ती खोकतेय.