रेफुखियोचं छप्पर

सेल्मा, कॅलिफोर्निया
सप्टेंबर

प्रिय आई,

तुझा आशीर्वाद मागून लिहायला बसले आहे. आम्ही सुखरूप आहोत. बोटं जरा सुजली आहेत, म्हणून अक्षर असं. तिकडे मका कसा आलाय?

आठवडाभर द्राक्षं तोडायची आणि शनिवार-रविवार घरं बांधायची, असं चाललंय. आठ कुटुंबं मिळून आठ घरं बांधतो. आठही पूर्ण झाल्याशिवाय कुणालाच चावी नाही, असा घरांसाठी कर्ज देणाऱ्या संस्थेचा नियम आहे. आमचं घर तयार आहे, पण शेजारचा रेफुखियो शिडीवरून पडला, पाय मोडला आणि तेवढं त्याचंच छप्पर राहिलं.

तुझा जावई चिडला. "त्याच्यापायी किती ताटकळायचं?"

मी म्हटलं, "आपल्या भिंती उभारताना तो असं म्हणाला होता का? हातोडा घे."

रविवारी मीच आधी वर चढले. घाबरू नकोस, कमरेला दोर होता. दुपारपर्यंत बाकीच्या सातही घरची माणसं छपरावर होती. शेवटची फळी बसली तेव्हा खाली खुर्चीत रेफुखियो डोळे पुसत होता. तुझा जावई वरून ओरडला, "रडतोस काय लेका? बायकोला तामाले वाफवायला सांग, भूक लागलीय!"

एकोणीस वर्षं मळ्याच्या मालकाच्या खोल्यांत काढली, आई. आता आठही दारं एकाच दिवशी उघडतील.

तुझी लेक,
ओतिलिया