बरणीतली रेघ

बुधवार, ६ मार्च २०२४
खाणीतली आठ दिवसांची पाळी संपली, आता सहा दिवस सुट्टी. इथे ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीबाहेर म्हाताऱ्या कीथची खासगी धावपट्टी आहे, या लाल मातीत त्यानं हट्टानं गवत जगवलंय. रविवारी लेकीचा, ईशानीचा नववा वाढदिवस. कीथ तिला विमानातून फिरवणार, बदल्यात तोवर मी विमानाची देखभाल करायची. विमान १९४२चं, दुपंखी, दोनच सीटा. पुढे पाहुणा, मागे चालवणारा. टाकी वरच्या पंखात, बरोब्बर पुढच्या सीटच्या डोक्यावर. शिडीवर चढून पेट्रोल भरलं. मग तोटीतून नमुना काढायचा. त्यासाठी सुखदाची लोणच्याची रिकामी काचेची बरणी पळवली. पाणी जड असल्यानं तळाशी बसतं आणि मध्ये रेघ दिसते. रेघ दिसली की उडायचं नाही. टाकीत पाणी असलं तरी नळीतल्या पेट्रोलवर इंजिन चार-पाच मिनिटं चालतं आणि मग दगा देतं, असं कीथनं बजावलं. मजा आली. खाणीत धूळ खाण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

गुरुवार
बरणीत रेघ. दोन बोटं पाणी. कीथ म्हणाला, झाकण नीट लावलं नसशील, मेट. एवढा इंजिनिअर झालो, मला झाकण लावता येत नाही? एक्केचाळीस डिग्रीत अख्खी टाकी उपसून पुन्हा भरली. गवतावरचे फवारेही बंद केले.

शुक्रवार
चार बोटं पाणी. झाकणावर काल चिकटपट्टी लावली होती, ती जशीच्या तशी. पुन्हा उपसा. पुढची सीट ओलीचिंब. पुसली की पुन्हा ओली. कीथ माझ्याकडेच संशयानं बघतो. वैताग आलाय नुसता. घरी सुखदा म्हणाली, रद्द कर, पोरगी एक दिवस रडेल. ईशानी म्हणाली, “डॅड, यू प्रॉमिस्ड.” मी उगाच सुखदावर चिडलो.

शनिवार
अर्धी बरणी पाणी. चाखून बघितलं. खारट. समुद्र इथून चार तासांवर.
कीथला सरळ विचारलं. त्यानं ओल्या सीटवरून हात फिरवला. मग म्हणाला, हे विमान एकदा समुद्रात पडलं होतं. पुढच्या सीटवर त्याचा धाकटा भाऊ होता. विमान काढलं, भाऊ सापडला नाही. त्यानंतर त्या सीटवर कोणी बसलेलं नाही.
आणि हे मला आज सांगतो. उद्या रेघ दिसली तर ईशानी उडणार नाही, असं त्याला बजावून आलो.

रविवार
रेघ नाही. बरणी वरपासून खालपर्यंत नितळ. सीट कोरडी. एकदाच बघितलं, हुश्श केलं. ईशानी पुढे, कीथ मागे. आत्ताच उडाले. सुखदा फोटो काढतेय. मी शेडच्या सावलीत हे लिहितोय, बरणी शेजारीच आहे. तीन दिवसांचा वैताग कुठल्या कुठे गेला.
बरणीच्या काठावर माश्या बसल्यात. आत उतरून पितायत.
पेट्रोल कसं पितील —
वास घेतला. वासच नाही.
रेघ दिसायला वर थोडं तरी पेट्रोल हवं ना — हे तर सगळंच पाणी —
खारट.
तीन मिनिटं झाली. चार. सुखदा अजून हात हलवतेय —
खाली येतायत, धावपट्टीवरून — पुढच्या सीटवर दोन डोकी —
ईशानी त्याच्याकडे वळून हस —
इंजिन